कंडेन्सर दुप्पट केला, हमिंग वाढलं : घरी बांधलेल्या एका अँप्लिफायरचं प्रकरण

फिल्टर कंडेन्सर (सप्लायची वीज सपाट करणारे) १०,००० मायक्रोफॅरडवरून २२,००० वर नेले की हमिंग कमी व्हायला हवं, असं कुणीही म्हणेल. मिरजेच्या एका काकांच्या अँप्लिफायरमध्ये नेमकं उलट झालं. आधी स्पीकरला कान लावला तरच ऐकू येणारी गुणगुण कंडेन्सर बदलल्यावर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येऊ लागली. मग त्यांनी दोन्ही चिप बदलल्या, इनपुटची वायर शिल्डेड (भोवती तारांच्या जाळीचं कवच, म्हणजे शिल्ड, असलेली) घातली, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा चार डायोडांचा भाग) नवा टाकला. काहीच फरक पडला नाही. शेवटी दुकानदाराने "चिप डुप्लिकेट असतील" असं सांगितलं आणि काका तिसरी जोडी मागवायच्या बेतात होते.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण घरी ऑडिओ बांधणाऱ्यांचा सगळ्यात जास्त पैसा आणि उमेद इथेच वाया जाते. भाग चांगले असतात, सर्किटही बरोबर असतं, आणि तरीही डबा गुणगुणतो. सर्किटच्या कागदावर ग्राउंडचं, म्हणजे सगळ्यांच्या समाईक शून्य व्होल्टचं, एक चिन्ह काढलेलं असतं. डब्यात मात्र तिथे तार असते, तिला लांबी असते, रेझिस्टन्स असतो आणि तिच्यातून करंट वाहत असतो. कागद आणि डबा यांच्यातला हा फरक इथे ओहमच्या हजाराव्या हिश्शांत मोजता आला.

डब्यात काय होतं

अँप्लिफायर स्टिरिओ, प्रत्येक चॅनेलला एक एलएम३८८६. ही मूळ नॅशनल सेमीकंडक्टरची चिप. २०११ मध्ये ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली आणि तेव्हापासून चिप त्यांच्या नावाने येते. अकरा पायांची, सोबत मोजकेच भाग लागतात, आत ओव्हरलोड आणि तापमानाचं संरक्षण. घरी पहिला गंभीर अँप्लिफायर बांधणाऱ्याला मी आजही हीच चिप सुचवतो. ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ व्होल्ट, ५ अँपियर, स्थानिक वाइंडरकडून करून घेतलेला, ईआय कोअरचा. एक ब्रिज, दोन कंडेन्सर, अधिक-उणे २६ व्होल्टच्या आसपास सप्लाय. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर ३० वॅटच्या जवळपास. दिवाणखान्याला भरपूर. गेन २१, म्हणजे सिग्नल २१ पट होतो (फीडबॅकला २० के आणि १ के; के म्हणजे किलोओहम), व्हॉल्यूमला ५० के चा ड्युअल पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर).

काम सुबक होतं. हीटसिंक भरपूर मोठा, चिपखाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुशही होतं. बिनइन्सुलेटेड चिपची पाठ निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते, हे काकांनी डेटाशीटमध्ये वाचलं होतं.

पहिले १०,००० चे कंडेन्सर ब्रिजशेजारी एकाच छोट्या बोर्डवर चिकटून उभे होते. नवे २२,००० चे निघाले स्क्रू टर्मिनलवाले, मुठीएवढे. मधे जागा नव्हती, म्हणून एक डब्याच्या डाव्या भिंतीला आणि दुसरा उजव्या भिंतीला क्लॅम्प केला. दोघांचे ग्राउंड टर्मिनल जोडायला साधारण २० सेंटिमीटरची पाऊण स्क्वेअर एमएमची वायर. डाव्या चॅनेलचं ग्राउंड डाव्या कंडेन्सरवरून, उजव्याचं उजव्यावरून. दिसायला अगदी नीटनेटकं.

कानाने काय सांगितलं

काका पेटी वाजवतात. फोनवर त्यांना विचारलं, आवाज कसा आहे. म्हणाले, "अरे, पांढरी पाच. किंचित चढी. आणि साफ नाही, कर्कश आहे, पत्तीवर कचरा बसल्यासारखी."

यापेक्षा चांगली माहिती कुठल्याही मीटरने दिली नसती. पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी; खर्जात ती ९८ हर्ट्झ. आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, आणि फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा भरला जातो. म्हणून १०० हर्ट्झ, पांढऱ्या पाचपेक्षा जरासा वर. (अमेरिकेत राहणाऱ्यांनी हा हिशेब ६० हर्ट्झवर करावा. तिथे १२० हर्ट्झचं हमिंग काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे पडतं.)

अडचण एवढीच की ५० आणि १०० हर्ट्झ एकाच स्वराची दोन सप्तकं आहेत, त्यामुळे नुसत्या स्वरावरून निवाडा होत नाही. निवाडा होतो आवाजाच्या पोतावरून. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र वायरीत शिरलं, किंवा इनपुट उघडं राहिलं, तर येणारा ५० हर्ट्झचा आवाज बहुधा मऊ आणि जाड असतो. छोट्या स्पीकरमधून तो धड ऐकूही येत नाही. कंडेन्सर भरताना करंट अखंड वाहत नाही, धक्क्या-धक्क्याने येतो. दर १० मिलिसेकंदांत एक-दोन मिलिसेकंदच तो वाहतो. अशा टोकदार धक्क्यांत १०० बरोबर २००, ३००, ४०० आणि वरचेही स्वर भरलेले असतात. काकांना ऐकू आलेला कर्कशपणा तोच. तेव्हा ट्रान्सफॉर्मर फिरवून बघण्यात वेळ घालवायचा नाही, चार्जिंगचा करंट कुठून कुठे जातो ते शोधायचं, एवढं फोनवरच ठरलं.

कंडेन्सरमधून झिरपणारं रिपल (सप्लायच्या व्होल्टेजमधली बारीक चढउतार) हे कारण का नव्हतं, तेही सांगायला हवं, कारण सगळ्यांचा पहिला संशय त्यावरच जातो. गाणं चालू नसताना एक एलएम३८८६ साधारण ५० मिलिअँपियर घेते, दोन मिळून १००. १०,००० मायक्रोफॅरडवर १० मिलिसेकंदांत होणारी घसरण १०० मिलिव्होल्ट. चिप सप्लायमधली ही चढउतार किमान ८५ डीबीने दाबते असं डेटाशीट सांगतं, म्हणजे इनपुटच्या हिशेबात पाच-सहा मायक्रोव्होल्ट उरतात. ते ऐकू येत नाही. २२,००० केल्यावर ही घसरण निम्म्याहून कमी झाली आणि तरी हमिंग वाढलं. ज्या गोष्टीचं कारण निम्मं करताच परिणाम वाढतो, तिचं कारण दुसरंच असतं.

तपास

डबा उघडण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. व्हॉल्यूम शून्यापासून वरपर्यंत फिरवला, हमिंग जराही हललं नाही. दोन्ही इनपुट जॅकमध्ये शॉर्टिंग प्लग (इनपुट थेट ग्राउंडला जोडणारे) घातले, तरी तेच. म्हणजे आवाज बाहेरून येत नव्हता आणि पॉटच्या अलीकडूनही नव्हता. स्पीकर टर्मिनलवर ट्रू आरएमएस मीटर (टोकदार लहरींचंही खरं परिणामी व्होल्टेज दाखवणारा) लावला: दोन्ही बाजूंना ११ मिलिव्होल्टच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण काकांचे स्पीकर २.८३ व्होल्टला ८८ डीबी देणारे होते. त्या हिशेबाने ११ मिलिव्होल्टला एक मीटरवर ४० डीबी. रात्री नऊनंतर, तानपुरा सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत, तो असह्य होतो.

मग वीज काढली, कंडेन्सर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे केले. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय अनेकांना आहे. ती सोडाच, एवढ्या मोठ्या कंडेन्सरचं टर्मिनल त्याने जळतं. डाव्या बोर्डावर येणारी इनपुटची शिल्डेड वायर पूर्ण काढली आणि बोर्डावरच इनपुट त्याच बोर्डाच्या ग्राउंडला शॉर्ट केलं. परत चालू. डावा गप्प. आणि उजवाही गप्प, ज्याला हातसुद्धा लावला नव्हता.

आता फक्त शिल्ड परत जोडली. आतली, सिग्नल नेणारी तार मोकळीच ठेवली. डावा शांतच राहिला आणि उजवा पांढऱ्या पाचमध्ये गाऊ लागला. काका खुर्चीतून उठून आले.

"डावीकडची तार जोडली आणि उजवीकडचा बोलतो?"

"काका, ती तार सिग्नलची नाहीच. ती दोन ग्राउंडना जोडणारी तार आहे."

या एका चाचणीत सगळं प्रकरण आहे. डाव्या बोर्डाचं ग्राउंड डाव्या कंडेन्सरला, उजव्याचं उजव्या कंडेन्सरला. शिल्डमधून दोन्ही बोर्डांची ग्राउंड पॉटपाशी एकत्र येतात. म्हणजे डावा कंडेन्सर, डावा बोर्ड, पॉट, उजवा बोर्ड, उजवा कंडेन्सर आणि त्या २० सेंटिमीटरच्या वायरीने परत डावा कंडेन्सर असं वर्तुळ पूर्ण होतं. एकही शिल्ड सोडवली की वर्तुळ तुटतं आणि दोन्ही चॅनेल गप्प बसतात. वर्तुळ तुटलं की हमिंग जातं, एवढ्यावरून वर्तुळाचा हात आहे हे कळतं; पण त्यात करंट ढकलतं कोण, हे अजून सिद्ध व्हायचं होतं.

ढकलणारी ती २० सेंटिमीटरची वायर होती. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप (१८-०-१८ मधलं शून्य) काकांनी डाव्या कंडेन्सरवर आणला होता. त्यामुळे उजव्या कंडेन्सरला भरणारा प्रत्येक धक्का या जोडवायरीतून जायचा. पाऊण स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या २० सेंटिमीटरचा रेझिस्टन्स ४.६ मिलिओहम. गाणं बंद असतानाही धक्क्याचं शिखर एक अँपियरच्या आसपास जातं, कारण सरासरी १०० मिलिअँपियर त्या एक-दोन मिलिसेकंदांत कोंबावे लागतात. एक अँपियर गुणिले ४.६ मिलिओहम, म्हणजे ४.६ मिलिव्होल्ट. हे व्होल्टेज त्या वर्तुळात पडतं. वर्तुळात सगळ्यात जास्त रेझिस्टन्स दोन बारीक शिल्डचा, म्हणून त्यातलं जवळजवळ निम्मं-निम्मं प्रत्येक शिल्डवर येतं. शिल्डवर पडलेलं व्होल्टेज चिपच्या दृष्टीने सिग्नलशी थेट मालिकेत असतं. चिपला ते गाण्यापेक्षा वेगळं करता येत नाही. ती त्याला इमानदारीने २१ ने गुणते. साधारण ४२ ते ४८ मिलिव्होल्टची शिखरं, आणि अशा सडपातळ धक्क्यांचा आरएमएस ११-१२ मिलिव्होल्ट. मीटरनेही तेच दाखवलं होतं.

हिशेब जुळला तरी तोडायच्या आधी एकदा उलट तपासून घ्यावं असं माझं मत आहे, कारण एकदा वायरिंग उपटलं की पुरावा जातो. कंडेन्सर स्क्रूचे होते हे इथे कामी आलं. घरगुती वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तार तेवढ्याच लांबीची कापली आणि जुन्या वायरीच्या जोडीला त्याच दोन स्क्रूंखाली दाबली. क्रोकोडाइल क्लिप मुद्दाम वापरली नाही. तिच्या संपर्काचाच रेझिस्टन्स इथल्या आकड्यांपेक्षा मोठा असतो. दोन्ही तारा मिळून एक मिलिओहमच्या थोडं वर. मीटर ११ वरून तीनच्या खाली आला. एक वितभर तांबं घातल्याने हमिंग पावपट झालं. काकांनी स्वतः दोनदा स्क्रू सैल करून आणि घट्ट करून ऐकलं.

आणि २२,००० चं कोडंही सुटलं. कंडेन्सर मोठा झाला की त्याचं व्होल्टेज कमी घसरतं, म्हणून डायोड आणखी कमी वेळ उघडतो, आणि तेवढाच चार्ज आणखी अरुंद, आणखी उंच धक्क्यात येतो. पण मुख्य कारण त्याहून साधं: मोठे कंडेन्सर जवळजवळ मावले नाहीत. आधी दोन टर्मिनलमध्ये दोन-तीन सेंटिमीटर तांबं होतं, नंतर वीस झालं.

दुरुस्ती

कंडेन्सर परत १०,००० चेच घातले. ३० वॅटच्या दिवाणखान्यातल्या अँप्लिफायरला ते पुरेसे आहेत, आणि ते शेजारी शेजारी बसतात. काकांना आधी वाईट वाटलं, मोठ्या कंडेन्सरला पैसे गेले होते. पण जागा नसताना मोठा भाग घालणं ही सुधारणा नाही.

दोन्ही कंडेन्सरची ग्राउंड टर्मिनल अडीच स्क्वेअर एमएमच्या दुहेरी तारेने जोडली आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप थेट त्या जोडावर आणला. त्या जोडाच्या मध्यातून तीन सेंटिमीटरची एक शेपटी बाहेर काढली आणि तिच्या टोकाला तांब्याची छोटी पट्टी लावली. दोन्ही बोर्डांचं पॉवर ग्राउंड, दोन्ही स्पीकरच्या परतीच्या वायरी, सगळं या पट्टीवर. कंडेन्सरमधल्या जोडावर दुसरं काहीही नाही. या शेपटीचं महत्त्व काकांना पटायला वेळ लागला: "तिथेच जोडलं काय आणि तीन सेंटिमीटर पुढे जोडलं काय?" फरक इतकाच की चार्जिंगचा धक्का जोडात येतो आणि जोडातूनच निघून जातो, शेपटीत शिरत नाही. शेपटीच्या टोकाला सगळ्यांना एकच ग्राउंड मिळतं. मग दोन चॅनेलमधलं वर्तुळ असलं तरी त्यात करंट ढकलणारं कुणी उरत नाही.

तरीही प्रत्येक बोर्डावर सिग्नल ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड यांच्यातला ट्रॅक कापून १० ओहमचा रेझिस्टर टाकला. फीडबॅकच्या १ के चा खालचा पाय आणि इनपुटचं ग्राउंड दोन्ही सिग्नलच्या बाजूला राहिले पाहिजेत. एक इकडे आणि एक तिकडे झाला तर सगळा उपाय फुकट. आता वर्तुळात चुकून काही मिलिव्होल्ट आलेच तर ते १० ओहमवर खर्च होतात, काही मिलिओहमच्या शिल्डवर नाही. स्टिरिओ बांधणाऱ्या प्रत्येकाने हा एका रुपयाचा भाग सुरुवातीलाच टाकावा असं मी आग्रहाने सांगतो.

पुन्हा वीज देताना सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब. क्षणभर पेटला आणि मंदावला, म्हणजे शॉर्ट नाही. आउटपुटवर डीसी पाहिला, दोन्हीकडे ५० मिलिव्होल्टच्या आत, मगच स्पीकर. शॉर्टिंग प्लग लावून एसी मोजला तर मीटरच्या शेवटच्या आकड्यापाशी, एक मिलिव्होल्टच्या बराच खाली. कान स्पीकरच्या जाळीला टेकवला तर फक्त बारीकसा सूंऽऽ.

सेट टॉप बॉक्स

फोन लावून तासभर गाणी ऐकली, सगळं स्वच्छ. संध्याकाळी काकांनी सेट टॉप बॉक्स जोडला आणि हमिंग परत आलं. या वेळी मऊ, जाड, खालच्या सप्तकात. ही नवी गोष्ट होती आणि जुन्या दुरुस्तीशी तिचा संबंध नव्हता. बॉक्सला येणारी केबल छतावरून आलेली, तिची शिल्ड इमारतीत कुठेतरी अर्थला टेकलेली. इकडे अँप्लिफायरचा डबा थ्री पिनमधून अर्थला, आणि इनपुटचे जॅक थेट डब्याच्या पत्र्यावर कसलेले. दोन अर्थमध्ये जो काही व्होल्टेजचा फरक असेल तो ऑडिओ केबलच्या शिल्डमधून वाहणार. केबल बॉक्समधून काढताच हमिंग थांबलं, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही.

अशा वेळी थ्री पिनमधली अर्थची वायर काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. हमिंग जातंही. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एके दिवशी गेलं तर डब्याच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि त्या डब्याच्या नॉबला घरातली मुलं हात लावतात. हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही अनुभवी असला तरी. उलट आम्ही आधी सॉकेटमध्ये अर्थ खरोखर आहे का ते पाहिलं, कारण जुन्या घरांत तिसरं भोक नुसतंच शोभेला असतं. फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट. ठीक होतं.

मग जॅक फायबरच्या वॉशर घालून पत्र्यापासून वेगळे केले. डबा अर्थला थेट, जाड वायरीने, स्क्रूखाली दातेरी वॉशर घालून. आणि तांब्याची पट्टी ते डबा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ३५ अँपियरचा एक ब्रिज. ब्रिजचे दोन एसी पाय आपसात शॉर्ट केले, अधिक-उणे पाय आपसात शॉर्ट केले, आणि या दोन टोकांमध्ये तो लावला, म्हणजे दोन्ही दिशांना डायोड मिळतात. दोन अर्थमधला किरकोळ फरक १० ओहमवर अडतो. मोठा दोष झाला तर ब्रिज वाहू लागतो आणि फ्यूज उडेपर्यंत करंट अर्थकडे नेतो. काकांचा आधी काढलेला जुना ब्रिज चांगलाच होता, तोच इथे लागला.

सेट टॉप बॉक्स जोडला, शांत.

एक गोष्ट राहिली होती: चालू करताना स्पीकरमध्ये येणारा धप्प. चिपचा आठवा पाय म्यूटचा. त्यातून किमान अर्धा मिलिअँपियर बाहेर ओढला तरच ती बोलते. काकांच्या बोर्डावर तिथे निगेटिव्ह सप्लायला नुसता एक रेझिस्टर होता. २६ व्होल्टमधून २.६ वजा करून अर्ध्या मिलिअँपियरने भागलं तर ४७ के च्या थोडं आत येतं. तिथे १० के आणि २२ के असे दोन मालिकेत घातले आणि मधल्या सांध्यावरून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, पॉझिटिव्ह पाय ग्राउंडकडे. कंडेन्सर भरेपर्यंत चिप गप्प राहते, तोवर सप्लाय स्थिरावतो. हा भाग काकांनी एकट्याने सोल्डर केला, आणि ग्राउंडचा पाय कुठे न्यायचा हे त्यांनी विचारलं नाही. सरळ पट्टीवर नेला.

एलएम३८८६ ची ती काढलेली जोडी आम्ही ब्रेडबोर्डवर न लावता दुसऱ्या रिकाम्या बोर्डावर तपासली. दोन्ही व्यवस्थित चालल्या. त्यांतून आता काकांच्या नातीसाठी छोट्या डब्याचं काम सुरू आहे, आणि या वेळी पत्रा कापण्याआधी कागदावर ग्राउंडच्या तारा लांबीसकट काढल्या आहेत.